महिंद्रा: जीपपासून बोलेरोपर्यंत – विदर्भातल्या खेड्यांमधले अनुभव लिहा

घाटंजीकर:

मंडळी, नमस्कार. घाटंजी तालुक्यात आमची शेती आहे. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. बाबांनी घेतलेली महिंद्राची एमएम ५४० जीप अजून अंगणात उभी आहे आणि चालू आहे. आता घराला एक नवी गाडी घ्यायची आहे. आई-बाबांना यवतमाळला दवाखान्यात नेणं, बी-बियाणं आणि खताची पोती आणणं, पावसाळ्यात निदान नाल्यापर्यंत तरी पोचणं, लग्नसराईत आठ-नऊ माणसं बसवणं, ही सगळी कामं तिला करायची आहेत.

शोरूममध्ये गेलं की समोरचा मुलगा आधी टचस्क्रीन दाखवतो. मी विचारतो, बाबा रे, वॉरंटी संपल्यावर ही गाडी घाटंजीत उघडता येईल का? त्याच्याकडे उत्तर नसतं. त्याचा दोष नाही, त्याला ते शिकवलेलंच नाही. पण आमच्यासारख्यांचा सगळा हिशेब तिथेच अडतो. ऐन वेचणीच्या दिवसांत गाडी यवतमाळला किंवा नागपूरला टो करून न्यायची आणि आठवडाभर 'पार्ट मागवलाय' ऐकायचं, हे परवडत नाही.

आपल्या भागात महिंद्रा एवढी का रुजली आणि आताच्या गाड्यांना तो भरवसा लावता येतो का, यावर ज्यांनी गाड्या वापरल्या आहेत त्यांनी मोकळेपणानं लिहावं. फक्त 'अमुक घ्या' असं नको, का ते लिहा.

आर्वीचे गुरुजी:

घाटंजीकर, चांगला विषय काढलात. इतिहास मी लिहितो, गाडीचं तंत्र जाणकार लिहितील.

कंपनी १९४५ च्या २ ऑक्टोबरला लुधियानात सुरू झाली, ती गाड्यांसाठी नव्हे, पोलादाच्या व्यापारासाठी. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा हे दोघे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद असे भागीदार. तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं.

जीप आली १९४७ मध्ये. युद्धकाळात कैलाशचंद्र सरकारी खरेदीच्या कामानं अमेरिकेत होते, तिथे त्यांनी जीप जवळून पाहिली होती. नव्या देशात रस्ते कमी आणि खेडी जास्त, तेव्हा हीच गाडी चालेल हा त्यांचा होरा. जीप बनवणाऱ्या अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या परवान्यानं सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जोडणी सुरू झाली, मग हळूहळू भाग इथेच बनू लागले. उंच बोनेटवाली जुनी जीप आठवते ना? ती सीजे-३बी. तिचं इंजिन उंच होतं, म्हणून बोनेट वर उचललेलं. अमेरिकेत ते मॉडेल १९६८ ला बंद झालं. आपल्याकडे त्याच घडणीच्या जीपा पुढे कितीतरी वर्षं निघत राहिल्या. तहसीलदार, बीडीओ, फॉरेस्टचा साहेब, प्राथमिक आरोग्य केंद्र, सगळ्यांच्या दारात तीच.

आता माझ्या मते खरी मेख पुढे आहे. १९६३ मध्ये महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासोबत ट्रॅक्टरची कंपनी काढली. बी-२७५ हा ट्रॅक्टर त्यातूनच आला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. त्या ट्रॅक्टरच्या घराण्याचं डिझेल इंजिन मग जीपलाही बसवलं गेलं. म्हणजे ज्या मिस्त्रीनं गावात ट्रॅक्टर उघडला, त्याला जीप उघडायला नव्यानं शिकावं लागलं नाही. आपल्या नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहेच. त्यामुळे कामगार, सुटे भाग, जाणकार माणसं या पट्ट्यात तयार होत गेली. जाहिरात पाहून गाडी रुजली असं मला वाटत नाही. तिच्या आधी तिचा मिस्त्री गावात येऊन बसला होता.

घाटंजीकर:

गुरुजी, आमच्या ५४० चं इंजिन मात्र फ्रेंच आहे असं बाबा म्हणतात. ते कसं?

आर्वीचे गुरुजी:

बरोबर म्हणतात. सत्तरचं दशक संपता संपता महिंद्रानं फ्रान्सच्या पेजो कंपनीशी डिझेल इंजिनाचा करार केला. २,११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन ५४० मध्ये आहे. त्याच घराण्यातलं २,४९८ सीसीचं मोठं भावंड महिंद्राच्याच आर्माडाला आणि सुरुवातीच्या बोलेरोला होतं. दुसरीकडे २,५२३ सीसीचं डायरेक्ट इंजेक्शनवालं, ज्याला सगळे 'डीआय' म्हणतात, ते महिंद्राच्या कमांडर-मार्शलच्या पुढच्या गाड्यांना लागलं. आवाज मोठा, पण डिझेल कमी पिणारं. २००० साली बोलेरो आली ती आर्माडा ग्रँडच्याच पायावर. २००२ ची स्कॉर्पिओ ही कंपनीनं स्वतः मुळापासून आखलेली. हे दोन टप्पे वेगळे ठेवून पाहा: बोलेरो जुन्या कुळातली, स्कॉर्पिओपासून कंपनीचा रस्ता बदलला.

लाइनवाला (पांढरकवडा):

भाऊ, म्या पांढरकवडा-पाटणबोरी लाइनीवर लय वर्सं काळी-पिवळी चालवली. आधी कमांडर, मंग मार्शल. आता पोरगा पिकअप चालवते. तुमाले माह्या हिशेबानं सांगतो.

त्या टायमाले काही गावाले एसटी दिवसातून एकदाच ये. बाकी लोकाइले आमचाच आधार. बाजाराच्या दिवशी माणसं, कोंबड्या, भाजीची टोपली, समदं एकाच गाडीत. पासिंगच्या दुप्पट लोकं बसत. ते चांगलं होतं असं मी म्हनत नाही, पण लोकाइले घरी तं जाच लागे ना.

डिझेल संपलं अन् पंपानं एअर घेतली तं काय करा लागे? पंपाचा बोल्ट ढिला करायचा, हातपंप मारायचा, फेस जाऊन साफ डिझेल आलं का टाइट करायचा. गाडी चालू. सेल्फ नाही उचलला तं चार जन खाली उतरून धक्का मारत. कॉम्प्युटर पाह्यजे नाही, मीटर पाह्यजे नाही. पाट्याचं (मागच्या स्प्रिंगच्या पट्टीचं) पान तुटलं तं दुसरं पान बाजारात कोनत्याबी लोहाराजवय भेटे. क्रॉस, बेअरिंग, क्लच प्लेट, समदं पांढरकवड्यात. रातच्याले मिस्त्रीचं दार वाजवलं तं तो टॉर्च घेऊन ये.

मालकाले गाडी विकाची असली तं दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइक उभं. याच्याहून मोठा भरवसा कोनता राहते सांगा?

मोर्शीचा बागाईतदार:

लाइनवाल्या काकांना नमस्कार. एक भर घालतो. ट्रॅक्स आणि सुमोला विसरू नका. ट्रॅक्स बनवणाऱ्या तेव्हाच्या बजाज टेम्पोकडे मर्सिडीजच्या परवान्याचं ओएम६१६ इंजिन होतं, संत्र्याच्या पट्ट्यात मजूर नेणाऱ्या कितीतरी ट्रॅक्स त्याच्यावर पळाल्या. टाटा सुमो १९९४ ची, सुमंत मूळगावकरांच्या नावावरून नाव पडलेली. तिन्हींचा स्वभाव सारखाच होता: जाड चासी, मागे पाटे, साधं डिझेल इंजिन, मागच्या चाकांना ताकद. म्हणून महिंद्रा एकटीच भक्कम होती असं नाही. पण सुमो २०१९ मध्ये बंद झाली, बोलेरो अजून चालू आहे. पार्ट मिळत राहण्याच्या दृष्टीनं ही गोष्ट फार मोठी आहे.

आमच्याकडे बोलेरोचं जुनं डीआय मॉडेल आहे. संत्र्याच्या हंगामात रोज बागेत जाते. वेळच्या वेळी ऑइल आणि ग्रीसिंग, एवढीच तिची मागणी.

आर्णीचा मिस्त्री:

धागा वाचत होतो. गॅरेज आहे, ट्रॅक्टर आणि चारचाकी दोन्ही करतो. घाटंजीकर भाऊंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो: नवी गाडी तालुक्यात उघडता येते, पण आता प्रत्येक गॅरेजात नाही.

जुन्या इंजिनात पंप सगळं ठरवत होता. किती डिझेल, कोणत्या क्षणी, हे लोखंडाच्या दट्ट्या आणि स्प्रिंगवर चाले. कान लावला की कोणता सिलिंडर मिस करतो ते कळायचं. नव्या, कॉमन रेलच्या इंजिनात एकाच नळीत डिझेल हजाराच्या वर बार दाबानं भरलेलं असतं आणि इंजेक्टर कधी उघडायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. त्यामुळे गाडी शांत, पिकअप चांगला, धूर नाही. पण इंजेक्टरच्या आतली फट इतकी बारीक असते की डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा चालत नाही. आपल्याकडे दुकानातून कॅननं डिझेल घ्यायची सवय आहे. ड्रमच्या तळाचं पाणी त्यात येतं. जुना पंप ते बऱ्यापैकी पचवायचा, नवा नाही पचवत, मग ती गाडी कुठल्याही कंपनीची असो. पंपावरूनच भरा. डिझेल फिल्टरखाली पाण्याचा नट असतो, पावसाळ्यात तो सोडून पाणी काढत जा.

दुसरं, १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची जाळी असते. काजळी त्यात साठते आणि इंजिन गरम राहिलं, गाडी वेगात राहिली की जळून जाते. घर ते शेत, शेत ते चौक, एवढंच फिरवलं तर काजळी जळायला वेळच मिळत नाही. दिवा लागतो, गाडीचा जोर कमी होतो, माणूस घाबरतो. यवतमाळ रोडला वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत चालवा, बहुतेक वेळा दिवा जातो. दिवा लागूनही तशीच गावात फिरवत राहिलात तर मात्र स्कॅनरशिवाय, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणाऱ्या यंत्राशिवाय, भागत नाही. शोरूमवाले हे सांगत नाहीत, त्यांनी सांगायला पाहिजे.

तिसरं, आपला उन्हाळा. पारा ४५ च्या वर गेला की रेडिएटरची खरी परीक्षा. बोअरचं पाणी टाकू नका. क्षार आत बसतो, नळ्या बुजतात, आणि मग हेड गॅस्केट जाते. कूलंटचा डबा त्यापुढे स्वस्तच पडतो.

आणि उंदीर. गाडी गोठ्याजवळ उभी असेल तर वायरिंग कुरतडतात. नव्या गाडीत एक वायर गेली तरी गाडी सुरू होत नाही. बोनेट दोन-तीन दिवसांनी उघडून पाहत जा.

आमच्या तालुक्यात दोघांनी स्कॅनर घेतलाय, मीही घेतला. मुलगा आयटीआय करून आलाय, तो चालवतो. त्यामुळे घाबरून जुनी गाडीच शोधा असं मी म्हणणार नाही.

देवरीचा अभियंता:

मिस्त्रीभाऊंचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

मी मात्र एक वेगळी बाजू आग्रहानं मांडतो. आपण जुन्या जीपांचं कौतुक करताना त्यात बसलेल्या माणसांचं काय व्हायचं हे बोलत नाही. ताडपत्रीचं छप्पर, बेल्ट नाही, मागे आडव्या सीटा, दाराला लटकलेली मुलं. गाडी उलटली की बाहेर फेकली जाणारी माणसं. गाडी टिकली म्हणून ती चांगली, हा हिशेब अपुरा आहे. घाटंजीकर त्यात आई-बाबांना नेणार आहेत.

महिंद्राचीच उदाहरणं घ्या. गाड्या आपटवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी एक्सयूव्ही ३०० ला २०२० मध्ये ५ तारे मिळाले, त्याच वर्षी नव्या थारला ४, आणि २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला ५. पण बोलेरो निओला २०२४ मध्ये फक्त १. एकच कंपनी, एवढा फरक. आपल्या भागात जी गाडी जास्त खपते, तिथे तारे कमी, हे मला खटकतं. खेड्यातल्या गिऱ्हाइकानं पाटे आणि इंजिनाबरोबर हेही विचारलं पाहिजे. आपण विचारलं नाही तर कंपनीला बदलायचं कारण उरत नाही.

लाइनवाला (पांढरकवडा):

पोरा, तू खरं बोलला. आमच्या लाइनीवर अपघात पाह्यले म्या. ते बोलवत नाही. माह्या पोराले मी सांगतो, पिकअपमंधी मागं मानूस बसवाचा नाही म्हंजे नाही.

एटापल्लीच्या ताई:

मी आरोग्य खात्यात आहे, गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडे काम केलं आहे. आमच्याकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटायचा. अशा वेळी बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस अलीकडच्या गावातून काढायचा म्हणजे गाडीपेक्षा ड्रायव्हरची परीक्षा. जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद असलेल्या, जीपमध्ये लो गिअर टाकून आमचे ड्रायव्हर अशा चिखलातून गाडी काढत, जिथे बैलगाडी रुतायची. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्या ड्रायव्हर लोकांचं ऋण मानते.

पण दोन गोष्टी स्पष्ट लिहिते. एक, फोर बाय फोर असली तरी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नये. गाडी कितीही जड असो, पाणी तिला उचलतं. दुसरं, आता तशा जीपा सरकारी दारात राहिल्याच नाहीत. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरण होत नाही, त्या भंगारातच जातात. पूर्वी अशा गाड्या लिलावात निघायच्या, गावातला कोणी घ्यायचा, आणखी कितीतरी वर्षं चालवायचा. तो रस्ता बंद झाला.

घाटंजीकर दादा, चिखलाचा प्रश्न असेल तर हे नक्की तपासा: आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक बोलेरो दोन चाकांच्या ओढीच्या आहेत.

ताडोबा बफर:

ताईंच्या मुद्द्याला धरून. ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा गेटवर इतकी वर्षं जिप्सी का चालली? मारुतीची जिप्सी १९८५ ची. हलकी गाडी, पेट्रोल इंजिन, फोर बाय फोर. हलकी असल्यामुळे चिखलात कमी रुतते. जड गाडीला काळी माती धरून बसते. पण पोती आणि नऊ माणसं न्यायला जिप्सी उपयोगाची नाही, आणि ती बंदही झाली. जंगलाबाहेर तिचा विषय काढत नाही.

आर्णीचा मिस्त्री:

काळ्या मातीत मागच्या चाकांची गाडी मोकळी असली की जास्त घसरते. मागे खताची दोन-तीन पोती ठेवा, पकड येते. टायरमध्ये माती भरली की चाक नुसतं फिरतं, तेव्हा रेस देऊ नका, खड्डा खोल होतो. बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलला मागच्या डिफरन्शियलला यांत्रिक लॉक येतं. एक चाक मोकळं फिरायला लागलं की दुसऱ्यालाही जोर मिळतो. फोर बाय फोर नाही ते, पण चिखलात फरक पडतो.

वाशीमचा व्यापारी:

माझा अनुभव थोडा कडू आहे, कंपनीचं नाव घेत नाही. एक महागडी एसयूव्ही घेतली होती. गाडी चालवायला सुंदर. वॉरंटी संपली आणि एका सेन्सरसाठी दोन आठवडे गाडी शहरात पडून राहिली. सर्व्हिस सेंटरला फोन केला की प्रत्येक वेळी नवा माणूस, नवं उत्तर. माझं दुकान त्या काळात भाड्याच्या पिकअपवर चाललं. तेव्हापासून गाडी पाहायला गेलो की आधी त्या मॉडेलचे पार्ट अकोल्यात कोणाकडे मिळतात ते दुकानात जाऊन विचारतो. ब्रेक पॅड, क्लच सेट, समोरचा शॉकअब, हेडलाइट आणि आरसा, या पाचांचे भाव आणि 'आहे की मागवावं लागेल' एवढं विचारलं की गाडीची कुंडली कळते.

आर्वीचे गुरुजी:

वाशीमच्या भाऊंचा हा मार्ग फार उपयोगाचा आहे. बोलेरोच्या बाबतीत एक सांगतो. जुनी आणि नवी बोलेरो दिसायला सारखी असली तरी आतून एक नाही. २०१६ मध्ये ४ मीटरपेक्षा आखूड आणि १,४९३ सीसी इंजिनाची बोलेरो आली, कारण तेवढ्या लांबीच्या आणि १,५०० सीसीच्या आतल्या डिझेल गाडीला कर कमी लागतो. २०२० पासून त्याच इंजिनाचं बीएस-६ रूप. 'आमच्या काकांची बोलेरो डोळे मिटून चालली' या भरवशावर नवी घेणाऱ्यानं लक्षात ठेवावं की काकांचं इंजिन वेगळं होतं. नवं वाईट आहे असा अर्थ नाही. पण त्याचा अनुभव वेगळा मोजला पाहिजे.

घाटंजीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी नेमकी माहिती मला कुठल्याच शोरूममध्ये मिळाली नव्हती.

माझं मत आता असं होत आहे. आमच्या ५४० वर जो विश्वास बसला तो गाडीइतकाच घाटंजीतल्या मिस्त्रीवर, पार्टच्या दुकानावर आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यावर बसलेला होता. महिंद्रानं ते जाळं वर्षानुवर्षं एकाच घराण्याची इंजिनं चालू ठेवून तयार केलं आणि हे त्यांचं मोठं काम आहे, मी मान्य करतो. नव्या इंजिनांसाठी तसंच जाळं तालुक्यात उभं करायची जबाबदारीही कंपन्यांचीच आहे. मिस्त्रीभाऊंनी पदरचे पैसे घालून स्कॅनर घ्यावा आणि पोराला शिकवावं, एवढ्यावर हे भागणार नाही. तालुक्याच्या गॅरेजवाल्यांना प्रशिक्षण आणि पार्ट द्या, आम्ही गाड्या घेतोच आहोत.

देवरीच्या दादांचा मुद्दाही मनात राहिला. आईला मागे आडव्या सीटवर बसवणार नाही, हे नक्की. दोन पर्याय डोक्यात आहेत: नवी बोलेरो, किंवा चार-पाच वर्षं वापरलेली स्कॉर्पिओ. ५४० विकणार नाही, शेतासाठी तीच राहील. वापरलेली स्कॉर्पिओ घेताना काय पाहावं, मिस्त्रीभाऊ?

आर्णीचा मिस्त्री:

सकाळी थंड इंजिनावर जा, मालकाला आधी सुरू करू देऊ नका. सुरू होताना किती धूर येतो आणि कोणत्या रंगाचा ते बघा: पांढरा बराच वेळ राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, निळा असेल तर ऑइल जळतंय. गाडी चालू असताना ऑइलचं झाकण उघडा, आतून फुकारा जोरात येत असेल तर सोडून द्या. टर्बोच्या पाइपात बोट फिरवा, ऑइल हाताला लागलं तर भाव पाडा. चासीच्या खाली झोपून बघा, वेल्डिंग दिसलं तर विचारा कुठे आपटली. मागच्या एक्सलच्या हौसिंगचं ऑइल दुधासारखं पांढरं असेल तर गाडी पाण्यातून गेलेली आहे. मीटरवर विश्वास नको, क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची कड बघा. आणि स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका. आर्णीत आणत असाल तर सोमवार सोडून कधीही या, सोमवारी मी पार्ट आणायला यवतमाळला असतो.

घाटंजीकर:

बुधवारी दिग्रसला एक गाडी पाहायला जातोय. पटली तर परतताना आर्णीला आणतो.